खाल्लेलं अंगी लागेना

घरातली सून जेवायला बसली की चार पोळ्या खाते, वर भात घेते आणि तासाभरात पुन्हा डबे उघडून चिवडा शोधते. तरी तिच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकू लागतात आणि दिवाळीत शिवलेला ब्लाउज गुढीपाडव्याला खांद्यावरून उतरतो. सासूबाई म्हणतात, "खाते खूप, पण अंगी लागत नाही." शेजारीण नजर काढायला सांगते, कुणी जंताचं औषध सुचवतं आणि ऑफिसातली मैत्रीण चक्क हेवा करते. तिला स्वतःला मात्र पंख्याखाली घाम फुटत असतो. सुईत दोरा ओवताना हात थरथरतो, दिवसातून तीन-चार वेळा संडासला जावं लागतं, आणि रात्री उशीवर कान टेकला की स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकू येतात. दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासलं जातं. टीएसएच जवळजवळ शून्य, टी३ आणि टी४ ही थायरॉइडची संप्रेरकं चढलेली. डॉक्टर सांगतात, थायरॉइड ग्रंथी जास्त काम करते आहे.

सासूबाईंनी वापरलेला शब्दप्रयोग शास्त्राच्या कसोटीवरही टिकतो. या आजारात अन्न पचतं आणि रक्तातही उतरतं, पण अंगी लागण्याआधीच खर्च होऊन जातं. 1895 मध्ये आडोल्फ माग्नुस-लेव्ही या जर्मन डॉक्टरने स्वस्थ पडून राहिलेल्या रुग्णांचा श्वास मोजला. थायरॉइड जास्त चालणारा माणूस नुसता पडून असतानाही इतरांपेक्षा बराच जास्त ऑक्सिजन वापरतो, असं त्याला आढळलं. मंदावलेल्या थायरॉइडचा माणूस नेमका उलटा, कमी वापरणारा. पुढे कित्येक दशकं, रक्तातली संप्रेरकं मोजता येईपर्यंत, हा 'विश्रांतीतला खर्च' मोजूनच थायरॉइडचं निदान होत असे. तीव्र आजारात तो दीडपटीच्याही पुढे जातो. चुलीवर काही शिजत नाही, पण कुणीतरी फुंकणी घेऊन बसलंय आणि सरपण जळतंय, अशी ही अवस्था.

सरपण कुठून येतं? आधी चरबीतून आणि मग, जास्त काळजीची गोष्ट म्हणजे, स्नायूंतून. म्हणूनच अशा रुग्णाला जिना चढताना मांड्या भरून येतात आणि उकिडवं बसलं की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. हाडांतलं कॅल्शियमही झिरपत राहतं. या आजारात काय खावं याचं उत्तर शोधायचं तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते: जेवणाने ग्रंथी ताळ्यावर येत नाही. ते काम औषधांचं, किरणोत्सारी आयोडीनचं किंवा शस्त्रक्रियेचं. जेवणाचं काम, तिने केलेली उधळपट्टी भरून काढणं. या दोन कामांची सरमिसळ झाली की पथ्याच्या नावाखाली माणूस आणखी खंगतो.

थायरॉइड तर सगळ्यांनाच असतो

"मला थायरॉइड आहे," असं आपण सहज म्हणतो. "मला यकृत आहे" असं मात्र कुणी म्हणत नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखरासारखी, जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम वजनाची ही ग्रंथी जन्मतःच प्रत्येकाला असते. आजार दोन तऱ्हांचा. ती मंदावली तर हायपो, उधळली तर हायपर. उच्चारात शेवटचा तेवढा फरक, पण शरीरात पूर्व-पश्चिमेइतका.

गोंधळ होतो तो इथे. हायपोचे रुग्ण संख्येने खूप जास्त, त्यामुळे 'थायरॉइडचं पथ्य' म्हणून मोबाइलवर फिरणारी यादी बहुतेक वेळा त्यांच्यासाठी असते: वजन उतरवा, भात सोडा, कोबी-फ्लॉवर-सोयाबीन वर्ज्य करा, गोळी पहाटे रिकाम्या पोटी घ्या. हायपरच्या रुग्णाने ही यादी पाळली तर काय होईल? आधीच गळणारं वजन आणखी गळेल. रिकाम्या पोटाचा नियमसुद्धा हायपोच्या थायरॉक्सिन गोळीचा आहे. हायपरमध्ये दिली जाणारी कार्बिमाझोल जेवणाआधी घेतली काय आणि नंतर घेतली काय, फारसा फरक पडत नाही. ठरावीक वेळी न चुकता घेणं महत्त्वाचं. तेव्हा कुणी पथ्य सांगू लागलं की पहिला प्रश्न विचारावा: "हे कुठल्या थायरॉइडचं?"

हायपरचीही कारणं वेगवेगळी. सगळ्यांत जास्त आढळतो तो ग्रेव्हज आजार. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हजने 1835 मध्ये त्याचं वर्णन केलं. 1840 मध्ये जर्मनीतल्या मेर्सेबुर्ग गावच्या बाझेडोने गलगंड, पुढे आलेले डोळे आणि धडधडणारी छाती या तिघांची सांगड घातली. एरवी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच नावाचा निरोप पाठवून थायरॉइडला कामाला लावते आणि पुरे झालं की निरोप थांबवते. ग्रेव्हजमध्ये रोगप्रतिकार यंत्रणा पिट्युटरीच्या नावाने खोट्या चिठ्ठ्या धाडत राहते. पिट्युटरी गप्प बसते, म्हणूनच टीएसएच शून्याजवळ येतं; चिठ्ठ्या मात्र थांबत नाहीत. काही जणांत ग्रंथीतली एखादी गाठच मनमानी करू लागते. काही जणांत, विशेषतः बाळंतपणानंतरच्या वर्षात किंवा घसा दुखण्याच्या एखाद्या आजारानंतर, ग्रंथीला सूज येऊन साठवलेलं संप्रेरक नुसतं सांडतं आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी ते आपोआप निवतं. बाळंतिणीची धडधड आणि रोडावणं 'जागरणामुळे असेल' म्हणून सोडून दिलं जातं, तेव्हा ही शक्यता कुणाच्या लक्षात येत नाही.

यातलं कुठलंही कारण ताटातल्या पदार्थाने दूर होत नाही. एक पदार्थ मात्र ग्रंथीशी थेट बोलतो. तो म्हणजे आयोडीन.

आयोडीनचे दोन चेहरे

नेपोलियनच्या युद्धांसाठी दारूगोळ्याचा सोरा बनवताना बेर्नार कूर्त्वाला 1811 मध्ये समुद्री शेवाळाच्या राखेतून जांभळी वाफ निघताना दिसली. ते आयोडीन. 1820 मध्ये जिनिव्हाच्या ज्याँ-फ्रांस्वा क्वांदेने ते गलगंडाच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. गाठी उतरू लागल्या, पण काही रुग्णांची छाती धडधडू लागली, हात कापू लागले आणि ते रोडावू लागले. वर्षानुवर्षं कच्च्या मालावाचून अडलेल्या गाठींना अचानक भरपूर आयोडीन मिळालं होतं आणि त्या सुसाट सुटल्या होत्या. दीडशे वर्षांनी टास्मानियात तेच घडलं. 1966 पासून तिथल्या पावात आयोडीनयुक्त क्षार मिसळू लागले आणि पुढची काही वर्षं हायपरचे रुग्ण वाढले. त्यांत जुन्या गाठी असलेले वयस्क जास्त होते.

दुसरा चेहरा याच्या उलट. आयोडीनचा मोठा डोस एकदम दिला तर ग्रंथी काही दिवस थबकते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमरने 1923 मध्ये या गुणाचा उपयोग करून घेतला. शस्त्रक्रियेआधी आयोडीनचं द्रावण दिल्यावर एरवी जिवावर बेतणारी ती शस्त्रक्रिया बरीच सुरक्षित झाली. हा लगाम थोड्या दिवसांपुरताच टिकतो आणि मग ग्रंथी पुन्हा उधळू शकते. म्हणून ते काम रुग्णालयाच्या देखरेखीखालीच व्हायचं. घरी आयोडीनचे थेंब घेऊन बघण्याचा हा प्रकार नव्हे.

मग घरातल्या मिठाचं काय करायचं? हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून केलेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दिसलं. 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज कारखान्यातून निघताना मिठात दशलक्षात निदान 30 भाग आणि घरी पोचेपर्यंत निदान 15 भाग आयोडीन असावं, असा दंडक आहे. प्रौढाची रोजची गरज सुमारे 150 मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एखाद्या कणाएवढी. या मापाच्या मिठाने ग्रेव्हज होतही नाही आणि औषध चालू असताना बिघडतही नाही. घरात एखादी गरोदर बाई, वाढती मुलं असली तर त्यांना हे मीठ हवंच. त्यामुळे एका रुग्णासाठी अख्ख्या घराचं मीठ बदलायची सहसा गरज नसते. "आम्ही मिठागरातलं खडेमीठ वापरतो, त्यात नैसर्गिक आयोडीन असतं," असं कोकणात ऐकू येतं. उन्हात सुकवलेल्या समुद्रमिठात मात्र ते नगण्यच उरतं.

टाळायचं ते अति. समुद्री शेवाळाची पावडर, 'केल्प'च्या गोळ्या, 'थायरॉइडला आधार' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल यांत रोजच्या गरजेच्या कितीतरी पट आयोडीन असू शकतं. आठवड्यातून दोन-तीनदा बांगड्याचं कालवण, सुरमईची तुकडी, अंडं, दूध, दही यांना घाबरायचं कारण नाही. काही आयोडीन स्वयंपाकघराबाहेरूनही येतं. हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या अमिओडारोन या औषधाच्या 200 मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे 75 मिलिग्रॅम आयोडीन असतं, म्हणजे रोजच्या गरजेच्या पाचशे पट. सीटी स्कॅनआधी शिरेतून देतात त्या रंगद्रव्यातही ते भरपूर असतं. म्हणून स्कॅनला जाताना "मला हायपर आहे" हे आधी सांगावं. अमिओडारोन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

कोबीची गोष्ट

कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल ही मंडळी थायरॉइडला दाबतात, असं म्हणतात. मग हायपरच्या माणसाने कोबी भरपूर खावा की काय? तर्क सुबक आहे आणि त्यामागे खरा इतिहासही आहे.

1928 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ॲलन चेस्नी आणि सहकारी सशांवर वेगळ्याच रोगाचं संशोधन करत होते. ससे मुख्यतः कोबीवर पोसलेले. त्यांच्या गळ्यांना गाठी येऊ लागल्या, तेव्हा लक्षात आलं की दोष कोबीचा. आहारातला एखादा पदार्थ थायरॉइडला रोखू शकतो, ही कल्पना तिथून रुजली. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत काही गंधकयुक्त रसायनं हेच काम फार जोरात करताना दिसली, आणि 1943 मध्ये एडविन ॲस्टवुडने अशी औषधं हायपरच्या रुग्णांना देऊन ग्रंथी शांत करून दाखवली. कार्बिमाझोल त्याच घराण्यातलं. त्याच ॲस्टवुडने नंतर सलगमाच्या जातीच्या एका कंदातून ग्रंथीला रोखणारा पदार्थ वेगळाही काढला.

म्हणजे कोबी आणि कार्बिमाझोल यांचं दूरचं नातं आहे. पण ताकदीत मुंगी-हत्तीचा फरक. चेस्नीचे ससे जवळजवळ कोबीवरच जगत होते. आपण वाटीभर भाजी, तीही हरभऱ्याची डाळ घालून शिजवून खातो. तो पदार्थ तयार व्हायला कोबीतलंच एक विकर लागतं आणि ते शिजवताना बरंचसं निकामी होतं. ग्रेव्हज कोबीने आटोक्यात येत नाही. उलट कच्च्या कोबीच्या रसाचे पेले रिचवले तर आधीच चंचल झालेलं पोट आणखी बिघडतं. कोबी आवडत असेल तर भाजी म्हणून खावा, औषध म्हणून नव्हे.

उधळपट्टी भरून काढताना

आता ताटाकडे वळू. आजार ऐन भरात असताना, औषध सुरू होऊन ते लागू पडायला जे चार-सहा आठवडे जातात त्या काळात, खर्चाएवढी आवक ठेवणं हे जेवणाचं मुख्य काम.

पहिला मान प्रथिनांचा, कारण स्नायू वितळत असतात. मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर या काळात वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत. पन्नास किलोच्या बाईला पन्नास-साठ ग्रॅम. नुसत्या पोळी-भाजीवर हा आकडा गाठता येत नाही, पण आपल्या स्वयंपाकघरात तो अवघडही नाही. सकाळी पेलाभर दूध घालून नाचणीचं सत्त्व: सात ग्रॅमच्या आसपास. नाश्त्याला दोन अंडी, किंवा भाजणीचं थालीपीठ आणि वाटीभर दही. अकराच्या सुमारास मूठभर शेंगदाणे: आणखी सात. दुपारी दोन भाकऱ्या किंवा पोळ्या आणि मटकी-मुगाची वाटीभर घट्ट उसळ: दोन्ही मिळून चौदा. रात्री वरण-भात, सोबत माशाची तुकडी किंवा पनीर. बेरीज पन्नाशी ओलांडते. वरण मात्र पाणी कमी आणि डाळ जास्त असं हवं. चार माणसांत मूठभर डाळ शिजवली तर वाटीत रंग येतो, प्रथिनं येत नाहीत.

नुसती प्रथिनं वाढवून भागत नाही. एकूण उष्मांक कमी पडले तर शरीर तीच प्रथिनं चुलीत घालतं. दिवसाला तीन-चारशे उष्मांक वाढवायला पंगत लागत नाही: दोन चमचे तूप, एक केळं आणि शेंगदाण्याचा एक मोठा लाडू एवढ्यात ते जमतं. पोट सैल असेल तर एकदम तेलकट-मसालेदार खाण्यापेक्षा दर तीन तासांनी थोडं थोडं खावं. मऊ खिचडी, दही-भात, पेज, उकडलेला बटाटा सोसतो. मधुमेह असलेल्यांनी मात्र लाडवाच्या वाटेला जाण्याआधी साखर तपासावी. उधळलेली थायरॉइड रक्तातली साखरही वाढवते, त्यामुळे आजवर नीट चाललेला मधुमेह अचानक हाताबाहेर जाऊ शकतो.

दुसरा मान हाडांचा. प्रौढाला रोज सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे मध्यम भाकरीतून पावणेदोनशे. पेलाभर दुधातून सव्वादोनशे-अडीचशे, दहा ग्रॅम तिळांतून शंभराच्या वर. सोमवारी तिळाची चटणी, मंगळवारी मांदेली काट्यांसकट, बुधवारी आंबील, असं फिरतं ठेवलं तर कंटाळा येत नाही. सोबत ऊन हवं, कारण ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम आतड्यातून पुढे सरकत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र विचारूनच घ्याव्यात. हाडांतून सुटलेलं कॅल्शियम या आजारात रक्तात आधीच जास्त असू शकतं.

सगळ्यांनाच खा-खा सुटते असंही नाही. सत्तरीतल्या आजोबांचा हायपर कधीकधी अगदी मुकाट असतो: भूक नाही, उत्साह नाही, वजन मात्र घसरतंय आणि नाडी अनियमित. 'वय झालं' म्हणून सोडून देण्याआधी टीएसएच बघावं. त्यांना मोठं ताट वाढून उपयोग नाही. दूध घालून शिरा, मऊ भातावर तूप, अंड्याचं कालवण असं थोड्या घासांत जास्त देणारं हवं.

चहा, उपवास आणि लग्नाचं जेवण

चहा हा आपल्याकडे पाहुणचार, कामातली सुट्टी आणि डोकेदुखीवरचं औषध, सगळं एकच. पण त्यातलं कॅफीन जे करतं तेच हायपरही करतो: ठोके वाढवतो, हात थरथरवतो, झोप उडवतो. आगीत तेल कशाला? पाच कपांवरून एक-दोनवर यावं, संध्याकाळनंतर घेऊच नये. घाम फार येतो म्हणून पाणी मात्र जास्त हवं; ताक, कोकम सरबत, शहाळं हे चहाचे चांगले बदली कामगार.

उपवासाचा प्रश्न नाजूक. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण हायपरच्या रुग्णाला सल्ला म्हणूनच द्यावी. निरोगी माणूस दिवसभर उपाशी राहिला तर साठवणीतून भागवतो. या रुग्णाच्या स्नायूंना ती किंमत मोजावी लागते. आजार आटोक्यात येईपर्यंत निर्जळी आणि नवरात्राचे नऊ दिवस बाजूला ठेवावेत. अगदीच मन मानत नसेल तर नुसत्या साबुदाण्यावर राहू नये. तो निव्वळ पिष्ट. राजगिऱ्याची भाकरी, दूध, दही, शेंगदाण्याची आमटी आणि वऱ्याचा भात यांनी उपवासही होतो आणि पोटही भरतं.

लग्नाच्या जेवणाची गोष्ट थोडी भीतीदायक, पण सांगायलाच हवी, विशेषतः तरुण मुलग्यांसाठी. हायपर असलेल्या काही पुरुषांना, आणि आशियातल्या पुरुषांत हे जास्त दिसतं, भरपूर गोड आणि पिष्टमय जेवणानंतर किंवा अंगमेहनतीनंतर झोपून उठलं की पाय उचलता येत नाहीत. रात्री बासुंदी-पुरीवर ताव मारलेला पंचविशीचा मुलगा पहाटे अंथरुणातून उठू शकत नाही. घरचे 'लकवा' म्हणून हादरतात. खरं तर इन्सुलिन आणि वाढलेलं थायरॉइड संप्रेरक मिळून रक्तातलं पोटॅशियम स्नायूंच्या पेशींत ढकलतात आणि रक्तात ते धोकादायकरीत्या घसरतं. काही तासांत शक्ती परतते, पण दरम्यान हृदयाची लय बिघडू शकते. अशा वेळी शहाळं पाजत बसू नये; थेट रुग्णालय गाठावं. थायरॉइड आटोक्यात आली की हे झटके थांबतात. तोवर पंगतीत गोडाचं आग्रहाचं वाढप नम्रपणे नाकारावं.

डब्यातल्या नव्हे, बाटलीतल्या गोष्टी

हायपरमध्ये केस गळतात. केस गळतात म्हणून माणूस बायोटिनच्या गोळ्या आणतो. आणि बायोटिनचा मोठा डोस, पाच-दहा मिलिग्रॅमचा, रक्ताच्या काही चाचण्यांची दिशाभूल करतो: टीएसएच खोटं कमी, टी४ खोटं जास्त. अहवालात ठळक हायपर दिसतो, माणसात तो नसतोही. म्हणून तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बायोटिन थांबवावं आणि घेत होतो हे डॉक्टरांना सांगावं.

अशक्तपणावर घरोघरी अश्वगंधा घेतली जाते. ती थायरॉइडची संप्रेरकं वाढवू शकते, आणि तिच्यानंतर हायपर झालेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत. ग्रंथी उधळलेली असताना ती दूर ठेवलेली बरी. झटपट वजन उतरवणाऱ्या निनावी पावडरींची भीती वेगळीच. त्यांत थायरॉइडचं संप्रेरकच मिसळलेलं असू शकतं, आणि ते पोटातून घेतलं तरी शोषलं जातं, शिजवूनही पुरतं मरत नाही. अमेरिकेत 1984-85 मध्ये मिनेसोटा, साउथ डकोटा आणि आयोवा या राज्यांच्या सीमाभागात 121 जणांना अचानक हायपरची लक्षणं दिसली. शोध घेतला तेव्हा कळलं की एका कत्तलखान्यात गुरांच्या मानेचं मांस खरवडताना थायरॉइड ग्रंथीही खिम्यात जात होती. खाल्ल्याने थायरॉइड 'चढल्याचं' हे इतिहासातलं स्वच्छ उदाहरण. भेसळीच्या पावडरीत हेच घडू शकतं, फक्त शोध घ्यायला कुणी येत नाही.

सेलेनियमचं नावही ऐकू येतं. ग्रेव्हजमुळे डोळ्यांना सौम्य त्रास असलेल्या युरोपातल्या रुग्णांना सहा महिने सेलेनियम दिल्यावर फायदा दिसल्याचं 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. तो सल्ला त्या रुग्णांपुरता आहे आणि डॉक्टरांनी द्यायचा आहे. डोळ्यांसाठी त्याहून मोठं पथ्य म्हणजे सिगारेट-विडी कायमची सोडणं.

स्वयंपाकघरातल्या औषधांबद्दल एक कळीची सूचना. कार्बिमाझोल घेणाऱ्या अगदी थोड्या लोकांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. खूण म्हणजे ताप आणि घसादुखी. एरवी आपण हळद-दूध, आल्याचा काढा देऊन दोन दिवस बघतो. इथे बघत बसायचं नाही. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि रक्त तपासायचं. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तरीही आधी बोलावं; औषध बदलावं लागू शकतं.

ताट बदलायची वेळ

औषध लागू पडलं की दीड-दोन महिन्यांत धडधड निवते, झोप लागते, बांगडी पुन्हा मनगटावर थांबते. आणि इथेच दुसरी चूक होते. खर्च खाली आला, पण चार पोळ्यांची आणि रात्रीच्या चिवड्याची सवय तशीच. गेलेलं वजन परततं आणि तिथे न थांबता पुढे जातं. मग "गोळ्यांनी सुजले" म्हणून गोळी सोडली जाते. खरा दोष जुन्या ताटाचा. म्हणून आठवड्यातून एकदा, एकाच वारी, वजन करावं. ते आजाराआधीच्या आकड्याजवळ आलं की आधी लाडू थांबवावा, मग जास्तीचं तूप, मग चौथी पोळी. प्रथिनं मात्र तशीच ठेवावीत आणि ठोके स्थिरावल्यावर चालणं, हलकी वजनं उचलणं सुरू करावं. नाहीतर परत येते ती चरबी, स्नायू मागेच राहतात.

काही जणांना किरणोत्सारी आयोडीन घ्यावं लागतं. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झने 1941 मध्ये पहिल्यांदा रुग्णाला दिलेला हा उपचार. आपल्याकडे परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून या शाखेचं माहेरघर आहे. हा उपचार म्हणजे ग्रंथीच्या भुकेलाच लावलेला गळ. साधं आयोडीन आणि किरणोत्सारी आयोडीन यांतला फरक तिला कळत नाही; ती दोन्ही ओढून घेते. पण आधीच पोट भरलेला मासा गळाला लागत नाही. म्हणून आधी काही दिवस शेवाळाचे पदार्थ, त्यापासून बनणारं चायना ग्रास, आयोडीनच्या गोळ्या बंद करतात. काही ठिकाणी आयोडीनयुक्त मीठ आणि समुद्री मासेही थांबवायला सांगतात. आपल्या रुग्णालयाची यादी घ्यावी आणि तीच पाळावी.

हा उपचार चांगला लागू पडला की पुष्कळदा ग्रंथी कायमची मंदावते, आणि मग माणसाला आयुष्यभर थायरॉक्सिनची एक छोटी गोळी घ्यावी लागते. म्हणजे ज्या सुनेने शेजारणीची 'थायरॉइडची यादी' आपली नाही म्हणून परत केली होती, तिला ती दीड-दोन वर्षांनी पुन्हा मागून घ्यावी लागते. त्यातला पहाटे रिकाम्या पोटी गोळी घ्यायचा नियम आता खरंच तिचा असतो, आणि वजनावर लक्ष ठेवायचाही. कोबीची ओळ मात्र तेव्हाही खुशाल खोडून टाकावी.